नवा विमानतळ आणि भास्कररावांचं बोलावणं

हार घालून झाला, बुक्का लावून झाला, आमचे पेटीवाले कुंटेकाका चहासुद्धा पिऊन आले. आता मंडळी, ऐका! कीर्तनाच्या पूर्वरंगात मी देवाची हाक, भक्ताची हाक असं पुष्कळ बोललो आणि तुम्ही पुष्कळ माना डोलावल्या. आता उत्तररंगात एक अगदी घरगुती प्रश्न विचारतो. आपल्या माणसाकडे जायला बोलावणं लागतं का?

लगेच 'छे छे' म्हणू नका. या समोरच्या रांगेतच एक गृहस्थ आहेत, ते परवाच्या बारशाला गेले नाहीत. का? तर म्हणे फोन आला, पण घरी येऊन कोणी सांगितलं नाही! नाव घेत नाही मी. तेही आत्ता माझ्याकडे बघत नाहीयेत, उपरणं सारखं करतायत.

आणि कोणी शास्त्री बसले असतील तर ते म्हणतील, बुवा, पुराणात दाखला आहे — एक लेक बोलावणं नसताना बापाच्या यज्ञाला गेली आणि पुढे काय अनर्थ झाला! अहो, ठाऊक आहे मला. आयुष्यभर तेच सांगत आलोय. पण तिथे बापाच्या मनात लेकीला जागा नव्हती. जागा असताना जो दारात उभा राहून बोलावण्याची वाट बघतो, त्याचं काय करायचं? त्याचं आख्यान पुराणात सापडत नाही. ते घडलं आपल्या गावाबाहेर, त्या नव्या विमानतळावर.

हसलात? हसा. पुढे हसू येणार नाहीये, आत्ताच हसून घ्या.

भास्करराव हळबे. पाटबंधारे खात्यातून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. हात स्वच्छ, कपडे स्वच्छ, सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. व्यसन एकच — मानाचं! कुठे जेवायला गेले की पानं मांडलेली, वरण-भात वाढलेला, लोक बसलेले, आणि हे बाहेर खांबापाशी उभे. यजमानानं यायचं, हाताला धरायचं आणि म्हणायचं, "भास्करराव, पंगत खोळंबलीय तुमच्यासाठी." मग हे निघणार. एकदा एक यजमान गडबडीत विसरला. भास्करराव उपाशी घरी आले आणि बायकोला म्हणाले, पिठलं टाक. शैलावहिनी तिथे बायकांच्या पंगतीत पोटभर जेवून आलेल्या. जिलबीचा हात धुतला आणि पिठलं टाकलं बिचारीनं!

पण मंडळी, ही सवय त्यांना लावली कोणी? थोरल्या भावानं. सदाशिव त्याचं नाव, हे त्याला दादा म्हणायचे. वडील लवकर गेले, आई दिवसभर लोकांकडे स्वयंपाकाला, घरात हे दोघेच. धाकट्याचं जरा बिनसलं की हा परसात जाऊन बसायचा, सीताफळाच्या झाडामागे. दादा पान वाढायचा, आणि मागच्या दारात येऊन हाक मारायचा — "भास्करा, ये रे." एकदा, दोनदा, कितीही वेळा. आवाज चढवायचा नाही, चिडायचा नाही. हा झाडामागून ऐकत असायचा. पहिल्या हाकेला उठला असता तर चाललं असतं की नाही? पण त्या हाकेची गोडी लागली होती त्याला. आपल्याला कोणीतरी बोलावतंय, आपल्याशिवाय कोणाचं तरी जेवण अडलंय, यासारखं सुख आहे का सांगा!

पुढे दादा नोकरीनिमित्त इंदूरला गेला आणि तिथलाच झाला. मुलगी एकच, मृणाल. तिचं लग्न ठरलं. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सख्ख्या माणसाला बोलवायचं तर अक्षत घेऊन त्याच्या दारात जायचं. दादाचे गुडघे तेव्हा पार गेलेले, जिना उतरायलाही माणूस लागायचा. त्यानं अक्षता टपालानं पाठवल्या आणि फोन केला. फोनवर म्हणाला, मला येणं होत नाही, तू चार दिवस आधी ये, मांडव तुझ्या जिवावर आहे. यात काही कमी होतं का? भास्कररावांना कमी वाटलं. सख्ख्या भावाला टपालानं अक्षता? दारात आला असता तर गेलो असतो, असं ते दहा जणांकडे बोलले आणि घरात बसून राहिले.

इकडे लग्नात दादानं काकाचा पाट मांडून ठेवला होता. लोक म्हणाले, उचला आता, जागा अडतेय. दादा म्हणाला, असू दे. पंगती उठल्या, मांडव सुटला, तेव्हा तो पाट त्यानं स्वतः उचलला, त्या गुडघ्यांनी वाकून. त्यानंतर त्यानंही फोन केला नाही. तोही हळबेच ना! वर्षं गेली. दिवाळी आली की दोन्ही घरांत फोनकडे बघायचे आणि फराळाला बसायचे. इकडे हा म्हणणार, आधी त्यानं बोलवावं. तिकडे तो म्हणत असेल, बोलावलं तेव्हा कुठे आला?

आणि एका सकाळी मृणालचा फोन आला. बाबा फार थकलेत काका, डॉक्टर म्हणाले ज्यांना भेटायचंय त्यांनी आजच भेटून घ्या. आता यावर माणूस काय बोलेल? भास्कररावांनी काय विचारलं असेल?

"दादानं सांगितलंय का, मला बोलवायला?"

पोरगी म्हणाली की त्यांना आता फारसं बोलता येत नाही. शैलावहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला हिरवी पट्टी. त्यांनी पट्टीखालून नवऱ्याचा आवाज ऐकला. तशाच चाचपडत उठल्या, हातपिशवी पुढे केली आणि म्हणाल्या की एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा, जा. आपल्या इथून इंदूरला दिवसातून एकच विमान. शेजाऱ्यांनी तिकीट काढून दिलं आणि रिक्षात बसवलं. शैलावहिनी सोबत असत्या तर हे आख्यान झालंच नसतं, मी दुसरं काहीतरी सांगितलं असतं आज.

आता तो विमानतळ! तुमच्यातले किती जण बघून आलात? जुना कसा होता आठवतं ना? पत्र्याची शेड, एक पंखा, पाच-पंचवीस खुर्च्या. विमान आलं की एक जण बाहेर यायचा आणि थेट हाका मारायचा — पाटीलसाहेब, चला! हळबेसाहेब, चला! भास्करराव सरकारी कामानं जायचे तेव्हा नेहमी शेवटी उठायचे. आपलं नाव पुकारलं जावं, चार माणसांनी वळून बघावं, मग कोट नीट करून निघावं. त्यांना वाटे, विमान असंच सुटतं. नाव घेतल्याशिवाय सुटत नाही.

नवा बघितला आणि भास्कररावांची मान वर गेली ती खाली येईना. काच, काच आणि काच! छत इतकं उंच की वर चिमण्या अडकल्या होत्या आणि त्यांचा आवाज खाली येत नव्हता. फरशीत आपलंच तोंड उलटं दिसतंय. एसीचा गारवा असा की खांद्यावरची शाल कानांवर घ्यावी. आणि माणसं एवढी, पण आवाज नाही! घोषणा नाही, गलका नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. जो तो कानात बोंडं घालून हातातल्या काचेकडे बघतोय. भास्करराव नंतर मला सांगत होते, बुवा, इतकी माणसं आणि इतकी शांतता मी त्याआधी एकाच ठिकाणी पाहिली होती, स्मशानात.

दारातच मोठी पाटी होती — येथे उद्घोषणा केली जात नाही, कृपया फलक पाहावेत. लोक थांबून वाचत होते. भास्कररावांनी पाटी पाहिली आणि पुढे गेले. पाट्या इतरांसाठी असतात! आपल्याला सांगायला माणूस येतो. आणि नियमाचा माणूस, म्हणून फोन आत शिरतानाच बंद करून पिशवीत तळाशी टाकला. विमानात फोन बंद ठेवतात ना — हे विमानतळापासूनच सुरू झाले.

आत एका कोपऱ्यात आपलं गाव उभं केलंय. बघितलंत का? खोट्या दगडांची विहीर, तिच्यात पाणी नाही. तुळशीवृंदावन, त्यात तुळस प्लॅस्टिकची. तिला ना कोणी पाणी घालणार, ना ती वाळणार. आणि पुढे एक जोडपं, फायबरचं. बाईच्या हातात आरतीचं तबक, त्यात विजेचा दिवा. पुरुष पागोटं घालून, हात जोडून, कमरेत वाकलेला. येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार! भास्कररावांना एवढं बरं वाटलं म्हणता! ते नेमके त्या पुतळ्यासमोरची खुर्ची बघून बसले. आयुष्यभर हवा होता तसा यजमान मिळाला एकदाचा. सतत हात जोडलेला, कधी न विसरणारा. बराच वेळ ते त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. गोल, गुळगुळीत चेहरा. कोणाचाच नसलेला.

आणि मग मन लागलं फिरायला. दादा काय म्हणेल? 'आलास?' एवढंच म्हणाला तर आपण काय म्हणायचं? काहीच बोलला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला तर? मृणालच्या नवऱ्याला आपण पाहिलेलंसुद्धा नाही. तो दार उघडेल आणि विचारेल, कोण आपण? खरं सांगू का मंडळी, मला वाटतं त्या माणसाला त्या वेळी मानाची पडलेली नव्हती. त्याला भीती वाटत होती. आपण मोठेपणा म्हणून जे मिरवतो ना, त्यातलं कितीतरी निव्वळ भित्रेपण असतं. पण भीती वाटते असं कोण कबूल करेल? त्यापेक्षा अपमान झाला म्हणणं सोपं.

तेवढ्यात विमान कंपनीची एक मुलगी आली. गळ्यात रुमाल, हातात लहानसं यंत्र. इथे मोठ्यानं बोलायची बंदी, म्हणून खुर्च्यांच्या रांगांमधून हळू आवाजात विचारत चालली, "इंदूर? इंदूर?"

भास्कररावांनी ऐकलं. मंडळी, नीट लक्षात घ्या, त्यांनी ऐकलं! कान ठणठणीत होते. त्यांना वाटलं, ही काय रीत? एसटीचा कंडक्टर तरी जोरात ओरडतो. यांच्याकडे माझं नाव छापलेलं आहे, हळबे म्हणायला जीभ झिजते का? ती समोर आली, क्षणभर थांबली, त्यांच्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "इंदूर?"

यांनी तोंड काचेकडे वळवलं.

तिला काय वाटणार? आजोबा दुसऱ्या कुठल्या गावचे असतील. ती पुढे गेली. विहिरीपाशी विचारलं, तुळशीपाशी विचारलं, आणि परत गेली. भास्करराव पुतळ्याकडे बघत बसले. येतील, आता नाव घेऊन येतील. सीताफळाच्या झाडामागे बसलेलं ते पोरच, मंडळी. केस पांढरे झाले एवढाच फरक.

मग काचेपलीकडे एक विमान हललं. हळूच मागे सरकलं, वळलं. कुठलं असेल बरं, म्हणून हे कौतुकानं बघतायत! धावलं, उचललं, आणि गेलं. आवाज आला नाही. काच जाड आहे तिथली. ते दिसेनासं झालं तेव्हा कुठे यांनी फलकाकडे बघितलं, तर इंदूरचं नाव गेलेलं. पिशवी घेऊन धावले. ती मुलगी तिथेच होती, दार लावून घेत होती. यांनी कागद पुढे केला. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, सर, आम्ही फिरून विचारलं, तुमचा फोन लावला, बंद होता.

भास्करराव म्हणाले, "पण माझं नाव का नाही घेतलं?"

"इथे नाव घेऊन बोलवत नाहीत, सर."

वाईट नव्हती हो ती मुलगी. तिनं पाणी आणून दिलं, उद्याच्या विमानात जागा करून दिली. तिला काय ठाऊक, हा माणूस काय चुकवून बसलाय! ते परत त्याच खुर्चीत येऊन बसले. समोर फायबरचा यजमान तसाच हात जोडून वाकलेला. मला म्हणाले, बुवा, त्या क्षणी मला त्याची किळस आली. ज्यानं मला कधी पाहिलंही नाही त्याचा नमस्कार मी घेत बसलो होतो, आणि ज्यानं लहानपणी मला जेवू घातलं त्याच्याकडे जायला उठलो नव्हतो. ते सांगताना रडत नव्हते. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

फोन सुरू केला, मृणालला सांगितलं. ती म्हणाली, उद्या या काका. आवाजात राग नव्हता. दिवस मावळायच्या आत दादा गेला.

दुसऱ्या दिवशी भास्करराव रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे. कोणी बोलावलं नाही, कोणी हाक मारली नाही. फलकावर इंदूर उमटलं आणि हे निघाले. एवढं सोपं होतं, मंडळी! आदल्या दिवशीही एवढंच सोपं होतं.

इंदूरला दादाच्या घराशी पोहोचले. दार सताड उघडं. बाहेर चपलांचा ढीग. आत दादा जिथे झोपायचा तिथे कणकेचा दिवा, दक्षिणेला तोंड करून. चार बायका, दोन पुरुष खाली मान घालून बसलेले. मृणाल भिंतीशी. तिनं वर बघितलं आणि काकाला पाहिलं. भास्करराव उंबऱ्याबाहेर उभे. सवयच ती! कोणीतरी उठेल, 'या' म्हणेल.

तुम्हाला ठाऊक आहे, मंडळी. सुतकाच्या घरी 'या' म्हणत नाहीत. 'बसा' म्हणत नाहीत. तिथे कोणी कोणाला बोलवत नाही, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. जगात हे एकच घर असं आहे, जिथे मान नाही, पान नाही, अक्षत नाही. आपण होऊन जायचं, आपण होऊन उठायचं. किती वेळ ते उभे राहिले त्यांना सांगता येत नाही. मग त्यांनी चपला काढल्या, आणि जन्मात पहिल्यांदा, कोणी न बोलावता, उंबरा ओलांडून आत गेले.

ते दिव्याशी बसले. बऱ्याच वेळानं मृणाल सरकत जवळ आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. काल दुपारी, म्हणजे बघा, हे विमानतळावर पुतळ्याकडे बघत बसले होते ना, त्याच सुमाराला, बाबांना एकदम हुशारी आली. दोन दिवस शब्द फुटला नव्हता, तो फुटला. दाराकडे बोट करायला लागले. तिला वाटलं, वारा लागतोय, म्हणून ती दार लावायला उठली. तर म्हणाले, लावू नकोस. तो बाहेर उभा असेल. त्याला हाक मारल्याशिवाय आत येत नाही तो. ती म्हणाली, बाबा, बाहेर कोणी नाही. त्यांना पटेना. शेवटी स्वतःच, होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून —

"भास्करा, ये रे."

एकदा नाही. संध्याकाळपर्यंत. आवाज चढवला नाही, चिडले नाहीत. थोडा दम खायचे, दाराकडे बघायचे, आणि पुन्हा.

कुंटेकाका, पेटी थांबवा जरा. असू दे थोडी शांतता.

आता सांगा मला. ज्या हाकेसाठी हा माणूस वर्षानुवर्षं अडून बसला, ती हाक मारली गेली होती की नव्हती? नाव घेऊन मारली होती! हवी तशी, अगदी लहानपणीच्याच शब्दांत! फक्त ऐकायला हा तिथे नव्हता. हा दुसऱ्या गावात, थंडगार हवेत, आपलं नाव कोणी घेतंय का म्हणून वाट बघत होता. अहो, ती विमानतळावरची मुलगीही बोलवायलाच आली होती. फक्त ह्याला हवं तसं बोलावत नव्हती. देवही काय नेहमी हळबेसाहेब, चला असं म्हणतो? बहुतेक वेळा तो आडबाजूनं, हळू आवाजात, नुसतं गावाचं नाव घेऊन जातो.

हे आख्यान मी माझ्या पदरचं रचलेलं नाही. भास्करराव स्वतः माझ्याकडे आले आणि म्हणाले, कीर्तनात सांगा. मी म्हटलं, नाव बदलतो. तर म्हणाले, "नको बुवा. नाव घेऊनच सांगा. मला फार हौस होती, माझं नाव चारचौघांत घेतलं जाण्याची." म्हणून घेतलं. ते आज इथे आलेत की नाहीत, हे विचारू नका, आणि माना वळवून शोधू तर मुळीच नका.

उलट स्वतःकडे वळा. या मंडपात असा एक जण दाखवा, ज्याच्या मनात कुठल्यातरी दाराबाहेर उभं राहणं चाललेलं नाही! कोणाची बहीण आहे, कोणाचा मेहुणा, कोणाचा जुना मित्र. आधी तिनं बोलवावं, आधी त्यानं फोन करावा. आणि कोण जाणे, आत्ता या घटकेला कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी खाटेवरून, दार उघडं ठेवायला लावून कोणीतरी तुमचं नाव घेत असेल. इथे ऐकू येणार नाही ते. माझ्या टाळांचा आवाज फार आहे, आणि तुमच्या रुसव्याचा त्याहून फार.

तेव्हा आता असं करू. नाम घेऊ, आरती करू, आणि मग प्रसाद. पण ज्याला आजच, आत्ताच कुठे जायचं असेल, त्यानं प्रसादाला थांबू नये. देवाचा निरोपही घ्यायला नको. मधूनच उठावं, चपला शोधाव्यात आणि निघावं. मी थांबवणार नाही, आणि लक्षात ठेवा, मी तुमच्यापैकी एकाचंही नाव घेणार नाही.